मढं ओढणारे हात आणि पदवीच्या अटी

आमच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली एक कागद चिकटवलेला आहे. धाकट्या बहिणीने लावला. वर तिच्या अक्षरात लिहिलंय : एम.एस्सी. अॅनाटॉमी, प्रवेशाच्या अटी. खाली एक ते नऊ आकडे. आजीला वाचता येत नाही. तिने एक दिवस भाकरी थापता थापता विचारलं, "त्या कागदावर काय ल्हिवलंय रं?"

मी म्हणालो, "आजी, पोरीला पुढं शिकायचंय. माणसाच्या शरीराचं शास्त्र."

"म्हंजी दवाखान्याचं?"

"दवाखान्याचंच. पण जित्या माणसावर नाही. आधी मेलेलं माणूस फाडून बघावं लागतं."

आजीचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपली. मग ती बोलली ते मी जसंच्या तसं लिहितो. "मढं वडायचं काम सोडाया आपल्या लोकांनी मार खाल्ला. आन् आता शिकल्याली पोरगी मढ्यात हात घालणार? ह्यासाठी शिकीवलं का तिला?"

मित्रांनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सभेत बोलतो, कविता लिहितो, पण आजीपुढे तोंड उघडेना. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी माझं सांगतो. गिरणी कामगार म्हटलं की लोकांना परळ-लालबाग आठवतं. त्या कापडाच्या गिरण्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे गिरणगावच उठलं. माझा तेव्हा जन्मही नव्हता. माझी गिरणी लोखंडाची आहे, तळोज्याच्या एमआयडीसीत. भट्टीतून लालभडक बिलेट निघते, स्टँडामागून स्टँडातून दाबली जाते, शेवटी सळई होते. तुमच्या नव्या मुंबईच्या टॉवरांच्या पोटात ती सळई आहे. मी ठेकेदाराचा माणूस. बारावीनंतर कॉलेज नाही. जे काही वाचलं ते रात्रपाळी संपल्यावर, डिक्शनरी मांडीवर घेऊन.

राहायला तुर्भे स्टोअरला. आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघाले आणि फिरत फिरत इथल्या दगडखाणीवर आले. वडील मार्केटात कांद्याच्या गोणी उचलायचे. आता उचलत नाहीत. त्यांच्या मणक्याची गादी सरकली आहे. एमआरआयच्या कागदावर ‘एल-चार एल-पाच’ असं लिहून आलं होतं. आमच्या गल्लीत चार अक्षरं इंग्रजी न येणारा माणूससुद्धा ‘एल-चार एल-पाच’ म्हणतो. सायटिका म्हणतो. गुडघ्याची वाटी झिजली म्हणतो. अॅनाटॉमी आमच्याकडे अशी येते. ज्या जागी शरीर मोडतं त्या जागेचं नाव आम्हाला कळतं. जे अजून मोडलं नाही त्याचं नाव माहीत नसतं.

बहीण रात्री मोठ्याने वाचते, मी ऐकतो. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं. सगळ्यात लांब हाड मांडीचं, फीमर. एकट्या हातात, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत, २७ हाडं. मी माझा सांडशी धरणारा हात बघत राहतो. याच्यात २७ हाडं आहेत हे सांगायला कोणी आजवर आलं नव्हतं. ठेकेदाराच्या वहीत हा एक हात आहे, तोही हजेरीपुरता.

आता त्या कागदावरच्या अटी. आपल्या पोरापोरींना त्या माहीत असाव्यात म्हणून सांगतो.

अॅनाटॉमीत पदव्युत्तर पदवी घेण्याचे आपल्याकडे दोन रस्ते. एक डॉक्टरांचा. एमबीबीएस झालं, नीट-पीजी परीक्षा दिली, मग तीन वर्षांची एम.डी. दुसरा बिगर-डॉक्टरांचा. जीवशास्त्राच्या बाजूची बी.एस्सी. करून वैद्यकीय महाविद्यालयात एम.एस्सी. अॅनाटॉमी. हीसुद्धा साधारण तीन वर्षांची, साध्या एम.एस्सी.पेक्षा वर्षाने लांब. दोन्हीकडे काम जवळजवळ एकच. प्रेत फाडून प्रत्येक स्नायू, नस, रक्तवाहिनी मोकळी करून दाखवायची. काचपट्टीवर ऊतीचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचा. गर्भ आठवड्या-आठवड्याने कसा वाढतो ते शिकायचं. मेंदू आणि मज्जारज्जू वेगळे. प्रेत टिकवायला फॉर्मलीन कसं भरतात ते शिकायचं. पहिल्या वर्षाच्या डॉक्टर पोरांना शिकवायचं. एक प्रबंध लिहायचा. शेवटी लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा. सगळं इंग्रजीत, आणि निम्मे शब्द लॅटिन.

पेशींचं शास्त्र शिकायचं तर तिसरा रस्ता आहे आणि तो आपल्या खारघरमधूनच जातो. टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधनाचं केंद्र, अॅक्ट्रेक, सेक्टर २२ मध्ये आहे. परळच्या जुन्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधून ते इकडे आलं. तिथे पीएच.डी. करायची तर आधी चांगल्या गुणांची एम.एस्सी., मग नेटसारखी देशपातळीवरची परीक्षा, मग मुलाखत, मग वर्षभर अभ्यासक्रम, त्यानंतर प्रयोगशाळेतली वर्षं आणि प्रबंध. पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची मिळते. मी बेलापूरहून पेंधरला मेट्रोने कामावर जातो. ही मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, खारघर मध्ये लागतं. आमच्या पाळीची माणसं पेंधरला उतरतात. खारघरला उतरून त्या केंद्रात शिकायला जाणारं आमच्या वस्तीतलं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

कागदावर नऊ अटी आहेत. न छापलेल्या अटी मी मोजल्या. फी ही पहिली. नव्या मुंबईत वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नेरूळला आहेत, कामोठ्याला आहे, पण ती खाजगी आणि अभिमत. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पण घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि दाखले वेळेवर हवेत. दुसरी अट इंग्रजी. तिसरी, तीन वर्षं कमावलं नाही तरी घरात चूल पेटली पाहिजे. चौथी, पदवी मिळाली तरी पुढे नोकरी. वैद्यकीय महाविद्यालयात बिगर-डॉक्टर शिक्षकांना किती टक्के जागा, हा आकडा २०२० साली घटवला गेला आणि हे पदवीधर न्यायालयात गेले. तेव्हा पदवीनेच दार उघडतं असं समजू नका. पाचवी अट होस्टेलात टिकून राहण्याची. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आदिवासी घरातली पोर, स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिकत होती. आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप बरोबरीच्या वरिष्ठ डॉक्टरांवर आहे, खटला न्यायालयात गेला. त्या बातमीचं कात्रण बहिणीने जपून ठेवलंय. अटींच्या कागदाला चिकटवलं नाही, पुस्तकात ठेवलंय.

पण या सगळ्या अटींच्या आधी आजीची अट उभी होती.

आजीचं म्हणणं नीट समजून घेतलं पाहिजे. तिच्या सासऱ्याने गावात मेलेली ढोरं ओढली. पाटलाचा बैल मेला की निरोप यायचा, हातातला घास टाकून जायचं. माणूस मेला तर पाहुण्यांच्या गावोगाव मौतीची वर्दी न्यायची, उन्हात, अनवाणी. सरणाला लाकूड फोडायचं. मजुरी नाही, बलुतं. त्यातही वर्षाच्या शेवटी भांडण. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेली ढोरं ओढू नका, मेलेल्याचं मांस खाऊ नका. तो शब्द गावोगाव पोचायला वर्षं लागली. आमच्या गावात १९५६ नंतर पोचला. काम सोडलं म्हणून वाळीत टाकलं, विहिरीकडची वाट बंद केली, मारहाण झाली. आजीच्या सासऱ्याचा डावा हात त्यात मोडला आणि वाकडाच जुळला. आजी सांगते, त्या वाकड्या हाताने तो सगळ्यांना जयभीम घालायचा.

अशा घरातल्या बाईला नातवाने सांगायचं, की पोरगी आता प्रेताला हात लावण्याची पदवी घेणार. तिचं डोकं फिरणारच.

मी पुस्तकं उलटायला लागलो. मला बघायचं होतं, मढ्याला शिवणं हे जर एवढं हलकं काम, तर त्याची एवढी मोठी पदवी झाली कशी?

सुश्रुताच्या ग्रंथात सांगितलंय की ज्याला शरीर जाणायचंय त्याने प्रेत गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवावं, सात रात्रींनी कुजलं की कुंचल्याने हळूहळू घासून एकेक थर बघावा. म्हणजे प्रेत बघितल्याशिवाय वैद्य होत नाही, हे या देशाला माहीत होतं. मग पुढे हे ज्ञान गेलं कुठे? विटाळाने गेलं. जो प्रेताला शिवतो तो अपवित्र, असं ठरवून टाकलं आणि वैद्याने पोथी पाठ केली. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्ता नावाच्या वैद्य घराण्यातल्या माणसाने प्रेतावर सुरी चालवली, त्याचा इतिहासात मान आहे. असावाच. त्याने हिंमत केली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघालं.

पण दोस्तहो, मेलेल्या जनावराचं कातडं सोलणाऱ्याला कातडीखाली काय असतं ते माहीत नव्हतं का? शिरा कुठे, सांधा कुठे सुटतो, सुरी कुठे अडते, हे आमच्या वाड्यातल्या, मांगवाड्यातल्या, ढोरवाड्यातल्या माणसाच्या बोटांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतं. त्या बोटांना अक्षर शिकवलं नाही. ज्यांना अक्षर होतं त्यांनी बोट लावलं नाही. आणि आजही कुठल्याही सरकारी शवागाराच्या दारात उभं राहून बघा. कवटी उघडणारा, शिवण घालणारा, फरशी धुणारा चतुर्थ श्रेणीतला माणूस बहुतेक वेळा आपल्यातलाच निघतो. कागदावर सही दुसऱ्याची असते. त्या माणसाकडे पदवी नाही आणि दारू प्यायल्याशिवाय त्याला आत जाववत नाही.

आजीने नंतर दुसरा प्रश्न विचारला. तो पहिल्यापेक्षा अवघड होता.

"ते मढं कुणाचं आसतं?"

या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात शोधावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या पाळीत एक माणूस होता. गोरखपूरकडचा. भट्टीवर काम करायचा, आम्ही त्याला मामा म्हणायचो. डोळे पिवळे झाले. आठ दिवस अंगावर काढलं. आम्ही दवाखान्यात भरती केलं, चौथ्या दिवशी गेला. ठेकेदाराच्या वहीत नाव अर्धं आणि पत्ता नाही. फोन त्याच्या उशाखालून कोणीतरी नेलेला. आम्ही चौघं शवागाराच्या खिडकीपाशी गेलो. "नातेवाईक आहात?" नाही. "मग तुम्हाला देता येत नाही." सहा दिवस मामा आत होता, बेवारस म्हणून. सातव्या दिवशी त्याचा भाऊ गाडीतून उतरला, तोही एका पानवाल्याने कुणाकडून तरी नंबर काढला म्हणून.

भाऊ आला नसता तर काय झालं असतं? आपल्या राज्यात १९४९ चा अॅनाटॉमी अॅक्ट आहे. दवाखान्यात मेलेल्या माणसाचं प्रेत नेमल्या मुदतीत जवळच्या नातेवाइकाने नेलं नाही, तर ते वैद्यकीय महाविद्यालयाला शिकण्यासाठी देता येतं. आता लोक देहदान करतात, चांगली गोष्ट आहे. पण कायदा झाला तो बेवारसांसाठी. आणि बेवारस कोण होतो? बंगल्यातला माणूस बेवारस मरत नाही. नाक्यावरचा, फलाटावरचा, ठेकेदाराच्या वहीतला अर्ध्या नावाचा माणूस बेवारस होतो. मामा त्या टेबलावर जाऊ शकला असता. माझ्या बहिणीच्या टेबलावर.

हे मी घरी सांगितलं. बहीण बराच वेळ काही बोलली नाही.

पेशींच्या शास्त्राची गोष्ट वेगळी नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स दवाखान्यात १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाची एक काळी बाई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर उपचाराला आली. तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई. तिला न विचारता तिच्या गाठीतल्या पेशी काढल्या. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ती गेली, वय ३१. पण त्या पेशी काचेच्या भांड्यात मेल्याच नाहीत. वाढतच राहिल्या. हेला पेशी म्हणून जगभर गेल्या. पोलिओच्या लशीच्या कामाला आल्या, कॅन्सरच्या संशोधनाला आल्या, विकल्या गेल्या. घरच्यांना वीसेक वर्षं पत्ता नव्हता. २०२३ साली कुठे एका मोठ्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली. १९७२ साली आपल्याकडे दलित पँथर निघाली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. ते नातं नुसतं नावाचं नव्हतं. तिकडे काळ्या बाईची पेशी, इकडे बेवारस मजुराचं प्रेत. शास्त्र आमच्या देहावर उभं राहिलं आणि प्रवेशाच्या अटींत मात्र आम्ही बसत नाही.

मग काय, शास्त्रच सोडायचं? इथे मला बाबासाहेब आठवले. १९०१ च्या जनगणनेचा साहेब रिस्ले. त्याने माणसांची नाकं मोजली आणि सांगितलं, नाक जेवढं बारीक तेवढी जात वरची. शरीराच्या मापाने जात सिद्ध करायला निघाला. बाबासाहेबांनी काय केलं? मापाला शिव्या दिल्या नाहीत. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी नाकांचीच मापं समोर मांडली आणि त्याच मापांनी दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत. मोजपट्टी त्यांनी हातात घेतली. फेकून दिली असती तर ती रिस्लेच्याच हातात राहिली असती.

आणि पदवीच्या अटींचं म्हणाल तर, बाबासाहेबांना काय कमी होत्या? शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडन अर्धवट सोडून यावं लागलं. पैसे साठवून १९२० साली परत गेले. १९२१ ला एम.एस्सी. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी एकदा परत पाठवला, दुरुस्त करून दिला, १९२३ ला पदवी. कोलंबियाचं शिक्षण १९१६ साली संपलं, पण पीएच.डी. हातात पडली १९२७ साली, प्रबंध छापून दिल्यावर. त्याच वर्षी महाड. एकाच माणसाने एकाच वर्षी ढोर ओढू नका म्हणून सांगितलं आणि पदवीची शेवटची अटही पुरी केली. हे दोन्ही मी शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा मला आजीला काय सांगायचं ते सुचलं.

मी सांगण्याआधी बहिणीनेच सांगितलं. आजीचे पाय चेपत बसली होती. म्हणाली, "आजी, तुझ्या सासऱ्याला कुणी इचारलं होतं का, की तू ओढतोस का म्हणून?"

"कोन इचारतंय. हुकूम यायचा."

"मला कुणी हुकूम केला नाही. मी म्हणतेय म्हणून जातेय. त्यांना आत काय आहे ते बघू दिलं नाही. मी बघणार, लिहून ठेवणार, आणि डॉक्टर होणाऱ्या पोरांना शिकवणार. त्यात पाटलाचं पोरगं पण असंल."

आजी गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या मढ्याचं नाव ठावं आसतं का तुमाला?"

"नाही आजी. नंबर असतो."

"आमच्या सासऱ्याला बी नाव न्हवतं. म्हाराचं म्हनायचे." थोड्या वेळाने म्हणाली, "जा मग. पर त्याला नंबर म्हनू नगंस."

आता वैद्यकीय अभ्यासक्रमात प्रेत हाच पहिला गुरू असं शिकवतात, पहिल्या दिवशी पोरं शपथ घेतात, असं बहीण सांगते. मला ते वाचून बरं वाटलं. पण गुरूला मान द्यायचा तर तो बेवारस का मेला, हेसुद्धा कुणीतरी विचारलं पाहिजे. त्या अभ्यासक्रमात हा प्रश्न आहे की नाही ते बहीण गेल्यावर कळेल.

तिने फॉर्म भरलाय. प्रवेश मिळेल की नाही माहीत नाही, मिळाला तरी फी भरता येईल का हेही माहीत नाही. मी ओव्हरटाइम धरलाय. वडिलांनी कंबरेचा पट्टा बांधून मार्केटात वॉचमनची नोकरी बघायला सुरुवात केली आहे. आजीने तिच्या डाव्या हाताची चांदीची पाटली काढून कागदात गुंडाळली आणि फोटोच्या मागे ठेवली. कुणी काही बोललं नाही.

तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. आपापल्या वस्तीत दहावी-बारावीच्या पोरांना डॉक्टर, इंजिनीअर, एमपीएससी एवढंच सांगू नका. अॅनाटॉमी, पेशीशास्त्र, असे रस्तेही त्यांच्या कानावर घाला. अटींचे कागद आणा, मराठीत लिहून भिंतीवर लावा. शिष्यवृत्तीच्या तारखा लावा. आणि तुमच्या कारखान्यात, नाक्यावर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाचं पूर्ण नाव, गाव आणि घरच्यांचा नंबर एका वहीत लिहून ठेवा. आम्ही तळोज्यात ही वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर मामाचं नाव आहे, पूर्ण.

जयभीम.